ट्रेलर नको, अंथरूण तापवा

"ताई, नमस्कार. आम्ही डेन्व्हरला राहतो. उन्हाळ्यात हौसेने एक जुना, तेरा फुटी फायबरग्लासचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला. आधीच्या मालकाने त्यातला फर्नेस काढून तिथे कपड्यांचं कपाट केलंय. आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात युटामधल्या झायन नॅशनल पार्कला दोन रात्री (तिथे विजेचं कनेक्शन असलेली जागा मिळाली आहे) आणि मग तिथल्याच ब्राइस कॅन्यन पार्कला दोन रात्री (तिथे वीज नाही) असा बेत आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांचं वय ७१, बीपीची गोळी चालू. नवरा म्हणतो, झोपताना स्टोव्हचा एक बर्नर बारीक ठेवू आणि खिडकी किलकिली करू, ज्योत निळी असली की धोका नसतो. दीर म्हणतात, बडी हीटर (प्रोपेनच्या नळकांड्यावर चालणारा छोटा हीटर) घ्या. सासूबाई म्हणतात, आम्ही काय शेकोटीवर दिवस काढले नाहीत का, मला काही होत नाही. झोप उडाली आहे ती माझी, आणि अजून तर आम्ही घरीच आहोत. काय करू?
– गारठलेली, डेन्व्हर"

आधी स्टोव्हचं निकालात काढू, कारण बाकी सगळं चुकलं तरी माणूस फार तर रात्रभर कुडकुडतो. झोपताना बर्नर लावायचा नाही. बारीक करून नाही, खिडकी उघडी ठेवून नाही आणि "दहाच मिनिटं गं" म्हणूनही नाही.

तुमच्या यजमानांचं ज्योतीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. निळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळतोय. पण ताजी हवा मिळते तोवरच ती नीट जळते. तेरा फुटी ट्रेलर म्हणजे आतून आपल्याकडच्या मोठ्याशा न्हाणीघराएवढी जागा. त्यात चार माणसं श्वास घेणार आणि पाचवा तो बर्नर. त्यातून ब्राइसचं कॅम्पग्राउंड सुमारे ८,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसातशे मीटरहून उंच. तिथे हवेचा दाब मुळातच समुद्रसपाटीच्या पाऊणपट. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. थंडीच्या दिवसांत पुण्या-नाशकाकडून बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या येतात, तो हाच वायू. यजमानांना रसायनशास्त्र शिकवत बसू नका. "गॅस गीझर" एवढे दोन शब्द पुरतील.

आणखी एक गोष्ट मला जास्त भीतीची वाटते. हा वायू अंगात गेला की आधी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. आठ हजार फुटांवर नव्याने गेलेल्या माणसालाही नेमकं हेच होऊ शकतं. म्हणजे सासूबाई रात्री म्हणाल्या, "डोकं जड झालंय गं," तर तुम्ही म्हणाल, "उंचीमुळे असेल, पाणी प्या आणि पडा." म्हणून ट्रेलरमध्ये आग पेटवायचीच नाही, म्हणजे ही शंकाच उरत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही हवाच. शेजारच्या जागेवरच्या जनरेटरचा धूरही तुमच्या खिडकीतून आत येऊ शकतो. ट्रेलरमध्ये जुना अलार्म लावलेला असेल तर काढून पाठीमागची तारीख बघा. हे अलार्म साधारण पाच ते दहा वर्षांत बाद होतात, आणि बटण दाबल्यावर वाजला म्हणजे त्याचं नाक शाबूत आहे असं नाही, फक्त घसा शाबूत आहे. शिवाय अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वायू असेल तर तो एक ते चार तासांनी वाजतो आणि ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. तेव्हा "वाजला तर बंद करू" या भरवशावर काहीही पेटवू नये.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: फर्नेस काढून तिथे कपाट केलंय. फर्नेस गेला, पण त्याला गॅस पुरवणारी नळी कुठे गेली? त्या नळीच्या तोंडाला पितळी बूच घट्ट बसवलेलं असायला हवं. कपाटाची फळी काढून बघा, सिलिंडर उघडून त्या जोडावर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे येतात का पाहा. नळी दिसलीच नाही किंवा फेस फुगला तर सिलिंडर बंद करून गॅसचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा, स्वतः पाना चालवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून गळतीचा अलार्म खाली पायाशी असतो. ही तपासणी झाल्यावर, खिडक्या उघडून सगळं हवेशीर केल्यावर आणि सिलिंडर बंद असताना दुसरी: फर्नेसच्या धुरासाठी बाहेरच्या भिंतीला पाडलेलं भोक कसं बुजवलंय? वाऱ्याच्या दिवशी कपाटात उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर उत्तम. आडवा पळाला तर निम्मी थंडी कुठून येते ते कळलं.

दिरांचा बडी हीटर. चांगली वस्तू आहे, पण तुमच्या कामाची नाही. ऑक्सिजन कमी झाला की तो बंद व्हावा अशी सोय त्यात असते, आणि म्हणूनच सात हजार फुटांच्या वर तो आपणहून बंद पडू शकतो, असं त्याच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. म्हणजे जिथे तुम्हाला हवा, तिथेच रुसणार. ती सोय मोजते ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. आणि गॅस जळला की पाणी होतं, हे कोणी लक्षात घेत नाही. एक पौंडाचं नळकांडं संपेपर्यंत जवळपास पाऊण लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या उशा-पांघरुणांत गेलेलं असतं. घेतलाच, तर संध्याकाळी जागेपणी, छताची खिडकी आणि एक बाजूची खिडकी उघडी ठेवून अर्धा तास. झोपण्याआधी बंद करून ट्रेलरच्या बाहेर. मी मात्र ते पैसे अंथरुणात घालीन.

कारण माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेलर तापवायच्या नादी लागू नका. पातळ फायबरग्लास, एकेरी काचा, चारी बाजूंनी वारा. कितीही तापवा, तासाभरात सगळं बाहेर. आपल्याला तापवायची आहे ती माणसाभोवतीची वीतभर जागा. झोपलेलं माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅटचा हीटर असतं. ती ऊब पळू द्यायची नाही, इतकंच काम.

ती पळते खालून. पांघरुणावर पांघरूण घालणारे सगळे इथेच फसतात. ट्रेलरच्या बाकाखाली सामानाचा खण असतो. रात्री त्या खणातली हवा बाहेरच्याइतकीच गार होते, आणि आपल्या वजनाने गादीचा फोम दबून निम्मा होतो. म्हणून फळीवर आधी व्यायामाची फोमची मॅट टाका, ती न दबणारी, बंद छिद्रांची, जिच्यात पाणी शिरत नाही ती. वर गादी, गादीवर लोकरीचं काहीतरी. सासूबाईंनी साताऱ्याहून घोंगडी आणली असेल तर ती अंगावर घेऊ नका, अंगाखाली घाला. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पिऊनही ओली लागत नाही. सुती गोधडीत माया कितीही असली तरी ती दमटली की बर्फाची लादी होते. गोधडी सगळ्यात वर चालेल.

स्लीपिंग बॅग विकत घेणार असाल तर पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा "कसंबसं निभावेल" असा आकडा असतो. आत बारीक अक्षरात 'कम्फर्ट'चा वेगळा आकडा असतो, तो बघा. ब्राइसला त्या दिवसांत रात्री पारा विशीत जातो, फॅरनहाइटमध्ये, कधी त्याहून खाली. आणि खरं सांगू का, घरची जाड रजई घेऊन जा. आपण हिमालय चढत नाही आहोत. ट्रेलर ओढायला गाडी आहे, रजईचं वजन तिला कळणारही नाही.

मग गरम पाण्याची पिशवी. ही वस्तू प्रत्येक मराठी घरात कंबरेसाठी असते आणि कॅम्पिंगच्या सामानात कधीच नसते. एक लिटर पाणी ८० अंश सेल्सिअसवरून ३० वर येताना सुमारे ५८ वॅट-तास उष्णता सोडतं. आणखी एका माणसाच्या अंगाची पाऊण तासाची ऊब तुम्ही अंथरुणात ठेवल्यासारखं झालं. पाणी बाहेर, ट्रेलरच्या दाराबाहेरच्या टेबलावर तापवा. उकळी फुटायच्या आत उतरवा, पिशवीतली हवा दाबून काढून बूच फिरवा, पिशवी उलटी धरून थेंब येतो का पाहा आणि जुन्या लोकरी मोज्यात घाला. झोपायच्या वीस मिनिटं आधी अंथरुणात मधोमध, झोपताना पायांशी. पिशव्या कमी पडल्या तर स्टीलची साधी बाटली चालते. साधी म्हणजे एकेरी. मी एकदा शहाणपणा करून थर्मासची बाटली पायांशी घेतली होती. सकाळी पाणी कढत आणि पाय गार. सासूबाईंच्या पिशवीला मात्र दोन मोजे घाला. या वयात त्वचा पातळ होते आणि चटका बसलेला उशिरा कळतो.

बॅटरीवर चालणारं बारा व्होल्टचं गरम ब्लँकेटही मिळतं. ते चार-पाच अँपिअर घेतं, म्हणजे रात्रभर आठ तास ठेवलं तर तुमच्या बॅटरीतले चाळीस अँपिअर-तास गेले. शंभरची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातलं निम्मंच वापरावं, तेव्हा हिशेब जेमतेम बसतो आणि तोही एकाच ब्लँकेटचा. अर्धा तास अंथरूण तापवून बंद करा, पिशवी पुढचं सांभाळेल. लिथियम बॅटरी असेल तर ती आत ठेवा. शून्य सेल्सिअसच्या खाली ती चार्ज केली तर कायमची बिघडते.

खिडक्यांसाठी चंदेरी फुगेदार इन्सुलेशनचा गुंडाळा घ्या आणि कापायचं काम यजमानांना द्या. वर्तमानपत्राचा साचा, मार्कर, कात्री असं सगळं मांडून ते दुपारभर रमतील, आणि स्टोव्हचा विषय आपोआप मागे पडेल. स्टोव्ह लावू म्हणणाऱ्या माणसालाही घरच्यांना थंडी वाजू नये असंच वाटत असतं. त्या काळजीला कात्री मिळाली की झालं.

पण छताची खिडकी बोटभर उघडी. हे ऐकून घरात सगळे माझ्या अंगावर येतात, थंडीत खिडकी उघडी? हो. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या पुढे पाणी हवेत जातं, तुम्ही तर चार. ते बाहेर गेलं नाही तर काचेवर, छतावर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गादीखाली जमतं. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये मी सगळ्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या, फार अभिमान वाटला होता. तिसऱ्या ट्रिपनंतर गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळे ठिपके, कोकणातल्या घराच्या भिंतीवर श्रावणात येतात तसे. व्हिनेगर लावून ऊन दाखवलं, तरी तो कुबट वास पुढच्या मे महिन्यापर्यंत गेला नाही. तेव्हा रोज सकाळी गादी उभी करायची, काचा पुसायच्या आणि दार दहा मिनिटं सताड उघडं टाकायचं. मुलगा वरच्या बंकवर झोपणार असेल तर त्याच्या डोक्याशी छताला हात लावून बघा. तिथे पाणी सगळ्यात आधी धरतं.

झायनची काळजी नको. तिथलं कॅम्पग्राउंड चार हजार फुटांच्या आसपास आहे, रात्री पारा चाळिशीत (फॅरनहाइट) असतो आणि वीज आहे. एक छोटा सिरॅमिक हीटर न्या, पण तो ७५० वॅटवरच चालवा. १,५०० वॅटवर तो साडेबारा अँपिअर ओढतो आणि जुन्या ट्रेलरच्या आतल्या वायरिंगला ते झेपत नाही. आमच्याकडे फ्रीज आणि हीटर एकाच वेळी चालू होते. मासळी करपल्यासारखा वास आला म्हणून प्लग काढला तर त्याची एक बाजू तपकिरी होऊन वितळली होती. कॅम्पग्राउंडमधल्या विजेच्या बहुतेक खांबांवर वीस अँपिअरचं वेगळं सॉकेट असतं. तिथून बारा गेजची जाड एक्स्टेन्शन वायर थेट हीटरपर्यंत आणा (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). तासाभराने प्लगला हात लावा. कोमट ठीक, गरम लागला तर बंद. पांघरूण लोंबून हीटरवर येणार नाही अशी जागा बघा, आणि तेरा फुटांत ती जागा शोधायला वेळ लागतो, हे आधीच सांगते.

ब्राइसचा गारठा खरा. दिवसा वितळून रात्री गोठणारं पाणीच तिथल्या खडकांच्या भेगा रुंद करून ते लाल सुळके घडवतं, आणि वर्षातल्या दीडशेहून अधिक रात्री हा खेळ चालतो. तुम्ही बघायला चालला आहात ते मुळात थंडीचंच काम आहे. त्या थंडीत सासूबाईंना तुमच्या ट्रेलरमध्ये झोपवू नका, असं माझं स्पष्ट मत. सत्तरीनंतर अंग ऊब कमी तयार करतं आणि थंडी वाजतेय हे जाणवायलाही उशीर होतो. त्यातून रात्री दोनदा उठून, टॉर्च घेऊन, बर्फाळ वाटेवरून संडासापर्यंत जायचं. पार्कच्या दाराला लागूनच मोटेल आहेत. दोन रात्रींची एक खोली घ्या. त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना उंचीबद्दल निघण्याआधी एक फोन करा, तोही महत्त्वाचा.

त्या "मला काही होत नाही" म्हणणार. म्हणून त्यांना विचारूच नका की आई, तुमच्यासाठी खोली घेऊ का. म्हणा, "आई, याला गारठा बाधतो, दोन रात्री तुम्ही त्याच्याजवळ खोलीत झोपाल का? मला तेवढी झोप मिळेल." बघा, नातवाचा स्वेटर हातात घेऊन आधी त्याच निघतील. ट्रेलरमध्ये मग तुम्ही दोघंच, म्हणजे जागाही मोकळी आणि दमटपणाही निम्मा.

ब्राइसला गाडी लावताना खोलगट जागा टाळा. गार हवा पाण्यासारखी उताराने खाली येऊन तळाशी साचते. किंचित उंचवट्यावर, आणि मोठी खिडकी पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन थेट अंथरुणात. पाण्याची टाकी आणि पंप झायनहून निघतानाच रिकामे करा, नाहीतर नळ्या फुटतील. प्यायला कॅन न्या आणि रात्री तो आत घ्या.

झोपताना दिवसभर घातलेले मोजे बदला, त्यांत घाम असतो, कोरडे वाटले तरी. कानटोपी घाला. तोंड पांघरुणात घेऊन झोपू नका, श्वासाने रजई आतून दमटते. आणि पोटात काहीतरी तुपकट असू द्या. दिवाळीच्या आसपासच जाताय, तर फराळाचा डबा उशाशी ठेवा. रात्री दहाला डाएटचा विचार न करता दोन बेसनाचे लाडू खाण्याची याहून चांगली सबब मिळणार नाही.

निघण्याआधीच्या शनिवारी घराच्या ड्राइव्हवेमध्ये तुम्ही दोघं एक रात्र ट्रेलरमध्ये झोपून बघा. डेन्व्हरलाही त्या दिवसांत रात्री बरी थंडी असते, आणि घराचं दार वीस पावलांवर. पहाटे तीनला थंडी नक्की कुठून लागते, कंबरेखालून, पायांना की त्या कपाटाच्या कोपऱ्यातून, ते तिथेच कळेल. तीनला उठून घरात पळालात तरी कोणाला सांगायची गरज नाही.

फर्नेस पुढेमागे बसवायचाच असेल तर ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा, बंद पेटीचाच घ्या, मग तो प्रोपेनचा असो वा डिझेलचा, आणि बसवायला जाणकार माणूस बोलवा. ते या ट्रिपनंतर बघता येईल.

राहिला ब्राइसचा सूर्योदय, जो चुकवायचा नाही. उद्याचे कपडे रात्री रजईच्या आत पायांशी ठेवा, म्हणजे ते गरम मिळतात आणि आतल्या आतच घालता येतात. रात्रीच आल्याचा चहा करून थर्मास भरून ठेवा. आणि तो तुमच्या उशाशी नको, ओट्यावर ठेवा, यजमानांच्या बाजूला. चहा आणायला उठेल तो काचाही पुसेल.